नखाच्या खुणेपर्यंत

व्यसन लागलेली माणसं बाटलीला तोंड लावतात म्हणे. मी कधी लावलं नाही. मी शिकलेली होते. बाटली आधी हलवायची, लेबल तळहाताकडे धरायचं म्हणजे त्याच्यावर ओघळ येत नाही, औंसाचा ग्लास डोळ्यांच्या रेषेत उचलायचा, अंगठ्याचं नख खुणेवर टेकवायचं आणि औषध नखापर्यंत आलं की हात थांबवायचा. मग लेबल पुन्हा एकदा वाचायचं. हे सगळं मी रोज जेवणाच्या वेळा सांभाळून, शिकवल्याबरहुकूम करत असे. पेशंट तेवढी मीच असे. पुढे अनेकांनी विचारलं, एवढी हुशार मुलगी तू, तुला कळलं कसं नाही? त्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे. मी औषध देते आहे, असंच मला शेवटपर्यंत वाटत होतं.

इस्पितळ परळला होतं. नाव सांगत नाही, कारण त्याची काही चूक नव्हती. शेजारीच शिकाऊ नर्सेसचं हॉस्टेल. माझं घर लालबागला, म्हणजे गॅलरीतून आईने जोरात हाक मारली असती तर मला वॉर्डात ऐकू आली असती. पण शिकणारीने हॉस्टेलवरच राहायचं असा नियम होता, म्हणून मी ट्रंक घेऊन विलायतेला निघाल्यासारखी निघाले. आई रडली. चाळीतल्या बायकांनी, नर्सिंगला गेलेली मुलगी म्हणजे हातची गेली, असं माझ्या तोंडावर न बोलता आईच्या तोंडावर बोलून घेतलं. वडील मात्र खूश होते. ते गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर होते आणि पाळी संपली की घरी न येता सभेला जायचे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा अशी पेटलेली होती की नळाला पाणी उशिरा आलं तरी वडिलांना त्यात मुंबई तोडण्याचा डाव दिसायचा. उद्या गोळीबार झाला तर जखमींना पाणी द्यायला आपलं चेडू तिथं असेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांना मुलीला नर्स करायचं नव्हतं, आघाडीवर पाठवायचं होतं.

खोलीत आम्ही तिघी. एक गिरगावची, पिढ्यान् पिढ्या कारकुनी केलेल्या घरातली, स्वच्छ बोलणारी आणि स्वच्छतेच्या बाबतीत छळवादी. तिला माझ्या खाटेच्या चादरीचा कोपरासुद्धा पंचेचाळीस अंशांत लागायचा. दुसरी नगरकडची, अंगाने दणकट, मनाने त्याहून दणकट, आणि मशेरीशिवाय जिचा दिवस उजाडत नसे अशी. मशेरीला हॉस्टेलवर बंदी होती. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर ट्यूटर हॉस्टेलवरच राहायच्या आणि सकाळी न्याहारीआधी रांगेत उभं करून सगळ्यांचे दात बघायच्या. सोलापूरकडच्या, साठीला टेकलेल्या, लांब पावलं टाकणाऱ्या बाई. कुणाचे दात काळसर दिसले की तिची पेटी उघडली जायची. नगरवाली मशेरीची डबी सुईदोऱ्याच्या डब्यात बटणांखाली ठेवायची आणि एकही बटण तुटलेलं नसताना तो डबा रोज उघडायची.

तसं बघितलं तर त्या इमारतीत निर्व्यसनी कुणी नव्हतंच. कुणी चहाबरोबर डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायची, डोकं दुखत नसलं तरी. कुणी तपकीर ओढायची. रात्रपाळीनंतर दिवसा झोप येत नाही म्हणून काहीबाही घेणाऱ्याही होत्या. पण वाईट म्हणून नाव एका मशेरीचंच होतं, कारण ती बाजारात मिळायची आणि आमच्या आया-मावश्या लावायच्या. जे वॉर्डातल्या कपाटातून येतं ते औषध, असा आमचा सर्वांचा पक्का समज होता. मशेरीबद्दल नगरवालीला सगळ्यांत जास्त कोण बोलायचं, तर मी.

आता मुख्य गोष्टीकडे यायला हवं. दुसऱ्या वर्षाला असताना मला काहीतरी झालं. काय झालं ते सांगता येत नव्हतं आणि त्याचीच मला फार लाज वाटायची. बाकीच्या मुली रडायच्या त्याला काही कारण असायचं. एकीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, एकीची आई गेली होती. माझे आईवडील धडधाकट, लग्न ठरलेलंच नव्हतं तर मोडणार काय, अभ्यासात मी वरच्या नंबरात. तरी सकाळी डोळे उघडले की छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. जेवणाला चव नाही. वेणी घालायला हात वर केला की मध्येच तो खाली यायचा आणि अर्धी वेणी तशीच टोपीखाली खोचून मी ड्यूटीवर जायचे. मी कारण शोधत बसायचे. काहीच नाही सापडलं तर निदान टायफॉईड तरी निघावा, असं मला वाटायचं.

मध्ये एकदा शहरात गडबड झाली, कर्फ्यू लागला, जखमी माणसांनी वॉर्ड भरून गेला. खाटा संपल्या तेव्हा जमिनीवर गाद्या घातल्या. त्या दिवसांत मी अशी काम करत होते की सिस्टर ट्यूटरांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. मला वाटलं, बरं झालं, गेलं ते. मग कर्फ्यू उठला, माणसं आपापल्या घरी गेली, वॉर्ड रिकामा झाला, आणि ते परत आलं. या वेळी चांगलं बस्तान मांडून आलं.

त्या गडबडीत घाबरलेल्या, झोप उडालेल्या पेशंटांना एक मिक्स्चर दिलं जायचं. ब्रोमाइडचं. कंपाउंडर मोठ्या बाटलीत करून वर पाठवायचा, गडबड संपल्यावरही पाठवत राहिला, आणि जे उरेल ते आम्ही मोरीत ओतायचं असा नियम होता. माझं बालपण अशा घरात गेलं होतं, जिथे भाताची पेजसुद्धा कुणी ओतत नाही. भरलेली बाटली मोरीत उपडी करायला माझा हात होईना. थोडं घेऊन बघितलं. चवीला खारट, आमच्या गावच्या खाडीच्या पाण्यासारखं. तासाभरात छातीवरचा पाटा कुणी उचलला नाही, पण पाट्याखाली कापूस घातला. तेवढ्याने मला रडू आलं, इतकं बरं वाटलं. त्याच दिवशी मी माझ्या केसांच्या तेलाच्या बाटलीची रिकामी बहीण शोधली, धुऊन, उकळून घेतली आणि तिच्यावर लेबल लावलं. लेबलाशिवाय बाटली ठेवणं हा आमच्याकडे गुन्हा होता. लेबलावर मी लिहिलं होतं, 'जेवणानंतर'.

पुढे जेवण सुटलं आणि 'नंतर' तेवढं उरलं.

ब्रोमाइड हे अंगातून लवकर जात नाही, साठत राहतं. मी विसराळू झाले. थर्मामीटर पेशंटच्या काखेत ठेवून दुसऱ्याच पेशंटकडे परत मागायला जायचे. जीभ जड झाली. आणि तोंडावर पुटकुळ्या आल्या, लालभडक, गालभर. रविवारी घरी गेले तर आईने बघून उष्णता झाली असं जाहीर केलं आणि चंदन उगाळून थापलं. चंदन लावून मी पाटावर बसले. आईने माझ्यासाठी सरंगा मासा आणला होता. मी भात चिवडत राहिले.

"काय झाला गो तुका?" आई म्हणाली.

"खावक नको."

वडील समोरच जेवत होते. त्यांचा घास हातात थांबला. "कधीपासून जेवक नाय तुका?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, वॉर्डात जखमी माणसं आली होती ना, त्याच्यानंतर.

वडिलांचे डोळे भरून आले. त्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग ताटावरून उठून हात धुतले आणि बाहेर गॅलरीत गेले. मला वाटलं, कळलं वाटतं त्यांना. थोड्या वेळाने गॅलरीतून त्यांचा आवाज आला. शेजाऱ्याला सांगत होते, "माझ्या चेडवाक काय समजतास? महाराष्ट्र होयसर ता अन्नाक शिवाचा नाय."

आता इथे मी उठून बाहेर जायला हवं होतं आणि सांगायला हवं होतं की बाबा, तसं काही नाही. पण उठणं हेच त्या दिवसांत माझ्याने होत नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर मला जरा बरंही वाटलं. इतके महिने कारण शोधत होते, ते आयतं मिळालं, आणि केवढं मोठं. महाराष्ट्राएवढं.

पुढच्या रविवारी चाळीने माझा सत्कार केला. मला कुणी विचारलं नव्हतं. खाली चौकात खुर्ची मांडली होती, तिच्यावर मला बसवलं, हातात नारळ दिला आणि चाळ कमिटीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. आपल्या चाळीच्या या कन्येने जखमी बांधवांचे हाल डोळ्यांनी पाहिले आणि त्या दिवसापासून अन्न वर्ज्य केलं, असं ते सांगू लागले. मी खाली चौकात उतरण्यापूर्वीचा डोस जरा अधिक सढळ हाताने घेतला होता, कारण सभेची भीती वाटत होती. अध्यक्षांचं भाषण ऐकताना माझी मान खाली आली आणि हनुवटी नारळावर टेकली. मी झोपले. अध्यक्ष कसलेले वक्ते होते. अशक्तपणामुळे ताईंना बोलवत नाही, त्यांच्या मौनातच सर्व आलं, असं म्हणून त्यांनी ते सांभाळून घेतलं. मग 'झालाच पाहिजे'चा असा गजर झाला की मी दचकून उभी राहिले, आणि मी उभी राहिलेली बघून लोक आणखी ओरडले. बायका माझ्या पाया पडायच्याच बाकी होत्या. तो नारळ घरी देवाजवळ ठेवला गेला.

माझं बिंग फुटलं ते वर्गात. सिस्टर ट्यूटर औषधांवरचा पाठ घेत होत्या आणि त्या दिवशी पाळी ब्रोमाइडची होती. जास्त दिवस दिलं तर काय होतं, ते त्या फळ्याकडे तोंड करून सांगत होत्या आणि आम्ही उतरवून घेत होतो. मंदपणा. बोलणं जड होणं. चालताना तोल जाणं. हात थरथरणं. मी अगदी मन लावून लिहिलं, 'हात थरथरणं', आणि ती ओळ वहीच्या पट्टीवरून घसरत खाली चालली होती. तोंडावर पुटकुळ्या येणं, असं सिस्टर म्हणाल्या आणि मी तेही लिहिलं. महत्त्वाचं वाटलं म्हणून खाली रेघ मारली. शेजारी गिरगाववाली बसली होती. ती लिहायची थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मला वाटलं, माझी टोपी वाकडी झाली असेल.

"त्याच्या आधीचं काय सांगितलं गं?" मी तिला हळूच विचारलं. "माझं एक राहिलं."

"विसराळूपणा," ती म्हणाली.

तेही मी लिहिलं. त्या विषयात पुढे मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले, हे इथे नमूद करते, कारण माझ्या आयुष्यात असा अभ्यास मी दुसऱ्या कुठल्याच विषयाचा केला नाही.

खोलीवर आल्यावर गिरगाववालीने माझ्या उशाची तेलाची बाटली उचलली, बूच काढून वास घेतला आणि ती टेबलाच्या मधोमध ठेवली. नगरवाली ड्यूटीवरून येऊन बूट सोडत होती. तिने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एक बूट पायात, एक हातात अशी खाटेवर बसली.

"किती दिवस?" गिरगाववालीने विचारलं.

"मी मोजून घेते," मी म्हटलं. मला खरोखरच तो मोठा मुद्दा वाटला होता. "रोज औंसाच्या ग्लासाने. खुणेच्या वर एक थेंब नाही."

गिरगाववालीला हसू फुटलं आणि ते हसू अर्ध्यातच रडण्यात गेलं. म्हणाली, "मी सिस्टरांना सांगणार आहे."

"काही सांगू नको," नगरवाली म्हणाली. "काढून टाकतील तिला. माझी एवढीशी मशेरी सुटंना, तिची बाटली काय एका दिवसात सुटती का? आपण दोघी मिळून सोडवू."

"काढून टाकलं तर घरी जाईल. जिवंत तरी राहील."

त्या दोघी माझ्या डोक्यावरून अशा बोलत होत्या, जसं आपण वॉर्डात पेशंटच्या डोक्यावरून बोलतो. मला कुणाचीच बाजू घ्यावीशी वाटेना. घरी जायचं म्हणजे नारळ, अध्यक्ष आणि आईचं चंदन. इथे राहायचं म्हणजे सकाळ. मी म्हटलं, "नाही सांगितलंत तरी चालेल. एखाद्या दिवशी मला जागच येणार नाही. ते बरंच होईल."

हे मी कसं बोलले? चहात साखर कमी चालेल, अशा सुरात बोलले. बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत हा विचार माझ्या डोक्यात आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. मग नगरवालीने हातातला बूट खाली ठेवला आणि गिरगाववालीला म्हणाली, "जा. सांग जा."

सिस्टर ट्यूटर वर आल्या तोवर मी ट्रंक भरायला घेतली होती. काढून टाकणार हे नक्की होतं, मग निदान नीट घड्या घालून जावं. त्यांनी मला खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं. मध्ये मी नगरवालीच्या खाटेला धडकले. हात पुढे धरायला सांगितले, ते बघितले. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. मग खाटेच्या कडेवर बसल्या, जे त्या कधी करत नसत, कारण पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

"मला काढून टाकणार ना?" मी विचारलं.

"आजारी माणसाला काढून कुठे टाकतात?" त्या म्हणाल्या. "ट्रंक राहू दे. आजारी पडायला ट्रंक लागत नाही. टूथब्रश घे आणि चल."

जिन्यात त्या एवढंच म्हणाल्या की दर बॅचला एखादी तरी असते. सापडते तिची काळजी नसते. मेट्रनला काय सांगायचं ते त्या बघणार होत्या. बाटली त्यांनी पदराखाली घेतली होती. लेबल वाचून त्यांचे ओठ जरासे हलले, पण हसल्या की नाही ते मला सांगता येणार नाही.

हॉस्टेलच्या तळमजल्यावर आजारी मुलींसाठी एक खोली होती. तिथे माझी खाट लागली. डॉक्टर येऊन गेले आणि त्यांनी जे औषध लिहून दिलं ते वाचून मला माझ्या नशिबाची गंमत वाटली. मीठ. भरपूर पाणी आणि भरपूर मीठ. शरीराला म्हणे मीठ आणि ब्रोमाइड यांतला फरक नीटसा कळत नाही. मिठाची जागा रिकामी दिसली की ब्रोमाइड तिथे जाऊन बसतं, आणि मीठ वाढवलं की ते हळूहळू उठून बाहेर जातं. मी जेवतच नव्हते, त्यामुळे अंगातली जागा मी त्याला स्वतःच रिकामी करून दिली होती. पिढ्यान् पिढ्या खारी मासळी खाल्लेल्या घरातली मुलगी मिठावाचून आजारी पडली. घरी निरोप गेला की खारट काहीतरी पाठवा. आईला वाटलं इस्पितळातल्या लोकांना अखेर अक्कल आली.

दुसरी आज्ञा सिस्टर ट्यूटरांची होती. मला एकटं ठेवायचं नाही. वर्गातल्या मुलींनी पाळ्या लावून घ्यायच्या आणि जाणारीने येणारीला रिपोर्ट द्यायचा. वॉर्डात ड्यूटी बदलताना जाणारी नर्स खाटेच्या पायथ्याशी उभी राहून येणारीला पेशंटचं सगळं तोंडी सांगते, झोप कशी, जेवण किती, लघवी झाली का. तसाच माझा रिपोर्ट माझ्यासमोर सुरू झाला. गिरगाववाली टोपी सरळ करून पायथ्याशी उभी राहायची आणि नगरवालीला सांगायची, "पेशंट रात्री दोनदा उठली. मीठपाणी घेतलं. भात चार घास. नाडी ठीक. काही तक्रार नाही." नगरवाली मान हलवायची, जणू काही आम्ही कधी एका बादलीत कपडे धुतलेच नव्हते. मी पडल्यापडल्या ऐकायचे. जगात माझी लघवी झाली की नाही याची दोन माणसांना एवढी काळजी आहे, हे ऐकून माणसाला मरावंसं वाटणं जरा अवघड जातं. वाटतच नाही असं नाही. पण अवघड जातं.

"काही तक्रार नाही" हे शेवटचं वाक्य सिस्टर ट्यूटरांना आवडत नसे. आम्हाला वॉर्डात असले पेशंट फार आवडायचे, गप्प पडून राहणारे. सिस्टर म्हणायच्या, "ज्याची काही तक्रार नाही ना, त्याच्याकडे आधी बघा." आणि माझ्या रिपोर्टात दिवसामागून दिवस तेच वाक्य यायचं. भात कच्चा असो, मीठपाणी कोमट असो, गिरगाववालीने चादर ताणताना माझा पाय दाबून धरलेला असो, माझं आपलं काही म्हणणं नसे.

हेही सांगून ठेवते की मिठाने फक्त ब्रोमाइड गेलं. पुटकुळ्या गेल्या, जीभ सुटली, सरळ चालता येऊ लागलं. छातीवरचा पाटा मात्र जागेवरच होता, आणि आता त्याच्याखाली कापूसही नव्हता. तो उतरायला फार वेळ लागला आणि पुढेही आयुष्यात अधूनमधून येऊन बसला. एवढंच की तो आला की मी कुणाला तरी सांगू लागले. खाटेच्या पायथ्याशी कुणीतरी उभं पाहिजे, हे मला कळून चुकलं होतं.

एका दुपारी आईवडील भेटायला आले. सिस्टर ट्यूटरांनी वडिलांना बाहेर थांबवून सगळं सांगितलं होतं. ते आत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि स्टुलावर बसले. बराच वेळ टोपीची कड बोटांनी फिरवत राहिले.

"म्हणजे महाराष्ट्रासाठी नाय?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"मगे कित्याक?"

"माका म्हायत नाय, बाबा."

मला वाटलं, आता हे उठून जातील. एवढ्या मोठ्या कारणावरून माणूस एकदम कारणच नाही इथवर खाली आला तर त्याने काय करावं? वडिलांनी मान वळवून दारातल्या सिस्टर ट्यूटरांना विचारलं, "बाई, असं कारण नसताना पण माणसाला होतं?"

"होतं," सिस्टर म्हणाल्या.

"मग ठीक आहे," वडील म्हणाले. सभेत ठराव मंजूर झाल्यावर ते असेच मान हलवायचे. मग त्यांना एकदम आठवण झाली आणि ते आईकडे वळून म्हणाले, "पण तो चाळीचो नारळ? तो परत देवचो लागतलो."

"खयचो परत?" आई म्हणाली. "तो सकाळीच खवणलंय." आणि तिने पिशवीतून कडीचा डबा काढला. माझ्या सत्काराच्या नारळाची तिने सोलकढी केली होती.

ती कढी आईने सिस्टरांच्या सांगण्यावरून मीठ जास्त घालून केली होती. वडिलांचा आईच्या मापावर विश्वास नव्हता, म्हणून निघताना त्यांनी तिच्या नकळत आणखी एक चिमूट टाकली होती. हे मला नंतर कळलं. वडिलांची चिमूट म्हणजे साचेवाल्याची चिमूट, तळहातभर. आईने वाटी भरून माझ्या हातात दिली. मी एक घोट घेतला, गिळला आणि वाटी खाली ठेवली.

"आये," मी म्हटलं, "कढी खारट झाली."

आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवणारं माणूस आमच्या घरात जन्माला आलं नव्हतं. वडिलांनी एकदा आमटीबद्दल काहीतरी म्हटलं होतं, तर दोन दिवस चूल थंड होती. मी जीभ चावून आईकडे बघितलं. तिचा चेहरा वेडावाकडा झाला होता. म्हणाली, "काय बोललंस? परत बोल."

"खारट. तोंडात घालवत नाय."

आईने पदर तोंडाला लावला. ती रडते आहे हे वडिलांना आधी कळलंच नाही. त्यांना वाटलं चिमटीची चोरी पकडली गेली, आणि ते घाईघाईने म्हणाले, "मियां थोडाच घातलंय." मला हसू आलं. किती दिवसांनी आलं कुणास ठाऊक. हसताना पुटकुळ्यांच्या खपल्या ताणल्या जाऊन गाल दुखले.

तेवढ्यात ड्यूटी बदलायची वेळ झाली. नगरवाली जात होती, गिरगाववाली येत होती. नगरवालीच्या तोंडाला मशेरीचा वास येत होता आणि तो दारात उभ्या असलेल्या सिस्टर ट्यूटरांपर्यंत नक्की पोचला असणार, पण त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. नगरवालीने टोपी सरळ केली, खाटेच्या पायथ्याशी ताठ उभी राहिली आणि माझ्या आईवडिलांसमोर, घसा खाकरून रिपोर्ट दिला.

"दुपारी झोप झाली. नाडी ठीक. सोलकढी एक घोट." इथे तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पेशंटने आज जेवणाला नावं ठेवली."